दोन वाक्यांमधली जागा

मोसंबीला बहार आला की गोदाकाठची हवा जड होते. माघातल्या त्या सकाळी शहागडच्या अलीकडे महामार्ग सोडून मी नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेला लागलो, तेव्हा दोन्ही अंगांच्या बागांमधून पांढऱ्या फुलांचा गंध असा दाटून आला होता, की श्वास घेताना तो आधी कपाळाला आणि मग नाकाला जाणवावा. मागे ट्रकांची घरघर हळूहळू विरत होती. पुढे, कणसं येऊन निसवलेल्या शाळू ज्वारीच्या पलीकडे, पाणी अजून दिसत नव्हतं. नुसता त्याचा उजेड आभाळाच्या कडेला लागलेला होता. खांद्यावर पिशवी, पिशवीत दोन पांढरे सदरे आणि एक घोंगडी. पाच दिवस कोणी कोणाशी एक शब्दही बोलणार नाही, अशा ठिकाणी मी निघालो होतो आणि या कल्पनेने मला लग्नघरी निघालेल्या माणसाइतका आनंद झाला होता.

त्याचं कारण सांगायला हवं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. घर अंबडला, नोकरी मंठ्याच्या एका माती परीक्षण केंद्रात. शेतकऱ्यांनी पिशव्यांतून आणलेली माती वाळवायची, चाळायची, तिच्यात काय आहे आणि काय कमी आहे ते कागदावर लिहायचं. या कामात बोलावं लागत नसे, म्हणूनच ते मला आवडत असे. मला बोलताना अडकतं. अक्षर पुन्हापुन्हा उच्चारत राहण्याचा माझा प्रकार नाही. माझा शब्द घशाशी येऊन थांबतो, दार बंद होतं, आणि ते उघडेपर्यंत मी तोंड किंचित उघडं ठेवून समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. क हे अक्षर सगळ्यांत कठीण. आणि माझं नाव कैलास. आत्याकडे कुंभार पिंपळगावला जायचं असलं, तर मी बसमध्ये पुढच्या गावाचं तिकीट काढत असे, कारण त्या गावाचं नाव मला म्हणता यायचं. शाळेतली मुलं माझी नक्कल करत. ओठ उघडे ठेवून, डोळे विस्फारून, थांबून दाखवत आणि मग हसत. मोठेपणी नक्कल थांबली, तिची जागा घाईने घेतली. समोरचा माणूस कळवळून माझं वाक्य पूर्ण करून टाकी. बहुतेक वेळा ते चुकीचं असे, आणि तरी मी मान डोलवी.

हे मौनाचं शिबिर घेणारे गृहस्थ अंबडकडचेच, शेतकरी घरातले. कृषी महाविद्यालयात शिकवत असताना सगळं सोडून जपानला गेले आणि तिथल्या एका झेन मठात अनेक वर्षं राहून परतले. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. नदीकाठी बागेत खतांचं एक जुनं गोदाम होतं. ते रिकामं करून, आतून चुना लावून त्यांनी ध्यानाची जागा केली होती. चुन्याच्या वासाखाली युरियाचा जुना दर्प अजून होता आणि खिडकीतून फुलांचा गंध येई. या तिन्हींचं मिश्रण म्हणजे माझ्यासाठी आजही शांततेचा वास आहे. बसण्याची रीत साधी होती. भिंतीकडे तोंड करायचं, पाठीचा कणा सरळ, डोळे अर्धे मिटलेले, श्वास येईल तसा येऊ द्यायचा. मंत्र नाही, मूर्ती नाही. आम्ही वीसजण होतो. कोणाचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारण्याची सोयही नव्हती.

पहिल्या दिवशी दुपारी सरांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, की रोज सूर्यास्ताला, शेवटची बैठक संपताना, एकाने घंटेजवळ उभं राहून सर्वांसाठी दोन वाक्यं म्हणायची. आज आपली पाळी. खाली ती वाक्यं होती. ‘दिवस गेला. काय उरलं ते पाहा.’

मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली, पण ते तोवर वळून चालू लागले होते. नाही म्हणायला शब्द हवे होते, आणि शब्दांना तिथे बंदी होती. ज्या मौनात लपायला मी आलो होतो, त्यानेच मला धरलं. उरलेली दुपार मी भिंतीसमोर बसून त्या एका क कडे पाहत काढली. चुन्यात एक बारीक भेग होती. तीसुद्धा मला त्या अक्षरासारखी दिसू लागली.

सूर्यास्त झाला. खिडकीतला प्रकाश आधी केशरी आणि मग राखी झाला. मी उठलो, घंटा वाजवली, तिचा नाद भिंतींवरून पाझरत खाली येईपर्यंत थांबलो आणि म्हणालो, “दिवस गेला.” ते सहज आलं. आणि मग दार बंद झालं.

काही क्षण मला नेहमीचीच भीती वाटली. मी सवयीने समोरचा चेहरा शोधला, ज्यावर आता कीव उमटेल, घाई उमटेल. समोर चेहरा नव्हता. समोर होत्या एकोणीस पाठी, शालींत आणि घोंगड्यांत गुंडाळलेल्या, स्थिर. कोणीही वळलं नाही. कोणीही माझं वाक्य पूर्ण केलं नाही. त्या थांबलेल्या वेळात बाहेरून नदीवरचे चक्रवाक ओरडताना ऐकू आले, एक या तीरावरून, एक फार लांबून. ज्वारीच्या पानांत वारा सळसळला. महामार्गाच्या पुलावरून एक ट्रक गेला आणि त्याचा आवाज पाण्यावरून सरकत माझ्यापर्यंत येऊन विझला. जन्मभर मी या अंतरात शब्दाशी झुंजत होतो, आणि त्या अंतरात एवढं काही असतं हे मला कधी कळलंच नव्हतं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. अर्धा मिनिट असेल, अधिकही असेल. मग दार आपोआप उघडलं, आणि “काय उरलं ते पाहा” हे शब्द माझ्या तोंडून कोणीतरी अलगद ठेवावेत तसे बाहेर आले.

दुसऱ्या संध्याकाळी करड्या शालीतल्या एक बाई उठल्या. पन्नाशीच्या, टाचांना भेगा पडलेल्या, शेतात आयुष्य गेलेल्या. “दिवस गेला,” त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. माझ्यासारख्याच. माझ्याएवढ्याच. अगदी तेवढ्या लांबीचं मौन त्यांनी त्या दोन वाक्यांमध्ये ठेवलं, आणि मगच पुढचं म्हटलं.

शाळेचं आवार, उघडे ओठ, विस्फारलेले डोळे, सगळं एका क्षणात त्या पांढऱ्या भिंतीवर उभं राहिलं. आईच्या वयाची बाई, आणि तिनेही नक्कल करावी? विचारायला वाव नव्हता. रागाला बाहेर जायला वाटच नव्हती, म्हणून तो आत फिरत राहिला.

पहाटे मी पिशवी भरली आणि फाटकापर्यंत गेलो. फाटकाला तार गुंडाळलेली होती. ती सोडण्यासाठी मी खाली वाकलो आणि बागेच्या उताराखाली नदी दिसली. पाणी दिसत नव्हतं. पाण्याच्या जागी धुकं वाहत होतं, संथ, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत भरलेलं. त्यात सूर्याचा पहिला किरण शिरला आणि संपूर्ण पात्र आतून उजळलं. त्या उजेडातून चक्रवाकांचा थवा उठला, नारिंगी आणि तांबूस, एकही पंख दुसऱ्याला न लागता, आणि माझ्या डोक्यावरून इतक्या खालून गेला की हवा कापल्याचा आवाज मला ऐकू आला. मी तार हातात धरून उभा राहिलो. राग गेला नव्हता. पण त्या विस्तारात तो एका खड्याएवढा होता, नदीच्या तळाशी असावा तसा, असून नसल्यासारखा. तेवढ्यात पहिल्या बैठकीची घंटा झाली, आणि पाय मागे वळले.

तिसऱ्या संध्याकाळी एसटीतून निवृत्त झालेले एक चालक उठले. त्यांचा खाकी शर्ट अजून अंगावर होता, त्यावरून ओळखता येई. “दिवस गेला,” ते भरड आवाजात म्हणाले, आणि थांबले.

या वेळी मला राग आला नाही, कारण मी गोंधळलो होतो. दोन अनोळखी, वयस्क माणसं एकाच तरुणाची थट्टा करण्यासाठी आपला दिवस असा वाया घालवतील? मी भिंतीकडे पाहत, इतरांसारखाच, ऐकत होतो. आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं. माझी अडखळण मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या जागी बसून ऐकत होतो. तिच्यात कसलीही लाज नव्हती. ‘दिवस गेला’ या शब्दांनंतर एक मोकळी, उंच जागा उघडत होती, देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना डोळ्यांना काही दिसत नाही त्या क्षणासारखी, आणि तिच्यात गेलेला दिवस खरोखर जाताना दिसत होता. कोणी घाईने दुसरं वाक्य म्हणून टाकलं असतं, तर मीच त्याला थांबवलं असतं.

चौथ्या संध्याकाळीही तसंच झालं.

पाचव्या दिवशी सकाळी मौन सुटलं. बागेत चहा होता, गुळाचा. माणसं सुरुवातीला चोरून बोलल्यासारखी बोलू लागली. करड्या शालीतल्या बाई माझ्याकडेच आल्या. त्यांनी सांगितलं, की त्यांचं नाव सुमनबाई, मंठ्याकडच्या, घरी पाच एकर शेती, आणि मुलीच्या आग्रहाने आलेल्या.

“दादा, तुम्ही पयल्या दिवशी म्हणलं न्हाई का,” त्या म्हणाल्या, “म्हणून आमचं निभलं. मला ह्यातलं काहीच येत न्हवतं. म्हणलं, आपण बराबर ह्या दादासारखंच म्हणायचं. पण ते मधी थांबणं लई अवघड गेलं बघा. किती थांबावं तेच कळंना.”

मी कप खाली ठेवला. खरं सांगणं भाग होतं. “मावशी, मी थांबलो… नव्हतो. मला बोलताना… अडकतं. शब्द… येत नव्हता.”

त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. शेजारी उभे असलेले चालकही चहा प्यायचे थांबले.

“अडकल्ता?” ते पुटपुटले. “अन् मी घरी जाऊन मालकिणीला शिकवणार होतो ते.”

सुमनबाई हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “आमचे मालक वारल्याला चार वर्षं झाली. कामाच्या रगाड्यात त्यांची याद काढायला बी टाइम न्हाई मिळाला. त्या दिशी ‘दिवस गेला’ म्हणलं, अन् पुढचं म्हणायच्या आधी जी जागा व्हती न्हाई का, तिथं ते येऊन बसल्यावानी झालं. बिलकुल जवळ. म्हणून मी जरा जास्तीच थांबले.”

बागेतून फुलांचा वास येत होता आणि नदीच्या बाजूने कोणीतरी बैल हाकत असल्याचा आवाज. मग सुमनबाईंना काहीतरी सुचलं. शेतातल्या पेरणीबद्दल विचारावं तशा सरळपणाने त्यांनी विचारलं, “मंग पुढल्या साली कसं म्हणायचं, दादा? थांबायचं का न्हाई?”

आणि उत्तराची वाट पाहत त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. तो नेहमीसारखा अडकला होता, की अजून माझ्या मनात तयारच झाला नव्हता, हे त्या क्षणी माझं मलाच कळेना.