सहा तासांच्या वाटेवर तीन मुक्काम

मुंबईच्या त्या समुद्राकाठच्या मोठ्या पाळण्यांच्या पार्कला जायचं, हे आमच्या प्राजूनं ठरवलं. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि टीव्हीवरची जाहिरात बघून घरात हिंदीत बोलायला लागली होती. पाणी मागायचं तरी "मम्मी, पानी देना". मे महिन्याची सुट्टी होती, कांदा काढून झाला होता आणि जीप दारात उभीच होती. साल २००४.

बेत मी आखला. आमचं गाव निमगाव सावा, जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला. तिथून नारायणगाव, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण आणि पुढं पार्क. जीपनं सहा तास, फार तर सात. पहाटे उठून धावपळ नको म्हणून मुरबाडला एक रात्र लॉजवर राहायचं. वहीच्या पाठकोऱ्या पानावर मी सगळं लिहून काढलं आणि जेवताना वाचून दाखवलं.

माझे सासरे, म्हणजे तात्या, ताटातून वर न बघता म्हणाले, "लॉजवर कशापायी? आपली मान्सं न्हाईत का वाटंत?"

"वाटेत कोण आहे, तात्या?"

"अवसरी खुर्दला तुझं माहेर हाय की."

अवसरी खुर्द मंचरजवळ. नारायणगावात आलं की मुंबईला जायला उत्तरेकडं वळायचं असतं आणि मंचर बरोब्बर दक्षिणेला. पण सासरा आपणहून माहेरचा मुक्काम देत असताना त्याला दिशा शिकवणारी सून मी अजून पाहिलेली नाही. तेवढ्यात तात्या म्हणाले, "आन दुसरा मुक्काम घोडेगावला टाकू. तिथनं जुन्नरवरनं माळशेज सोपा पडतो."

प्राजूच्या पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी वहीकडं बघितलं. माझा मुरबाडचा लॉज तिसऱ्या रात्रीवर गेला होता.

पहिल्या दिवशी सकाळी सातला निघालो. जीपमध्ये आम्ही चौघं, एक पोतं कांदे, अर्धं पोतं बाजरी, पाण्याचा कॅन आणि प्राजूची पोहण्याची ट्यूब. ती तिनं घरीच फुगवून ठेवली होती, त्यामुळं तिला स्वतंत्र जागा लागली. नारायणगावात स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तुम्ही त्या बाजूनं गेलात तर नक्की खा, पण तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर पुढचा रस्ता दिसत नाही. नाशिक रस्ता तेव्हा अरुंद होता. कांद्याच्या ट्रकमागं लागलो की मंचरपर्यंत त्याच्याच मागं.

मंचरला तात्यांनी जीप थांबवायला लावली आणि मला कापडाच्या दुकानात नेलं. "एक नऊवारी निवड. चांगली निवड."

"कुणासाठी?"

"घोडेगावला देवीची ओटी भरायची हाय."

मी हिरवी, बारीक लाल काठाची निवडली. देवीच्या साडीसाठी तात्यांनी काठाचं सूत बोटांनी तपासून घेतलं आणि रंग जाणार नाही ना, असं दुकानदाराला दोनदा विचारलं, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

साडेदहाला अवसरीत पोहोचलो. आता तिथं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पोरांची गर्दी असते. तेव्हा दुपारी रस्त्यावर फक्त कोंबड्या असायच्या. माझा भाऊ अंगणात आला. "या, पावणं. मुंबईला निघालात ना? मग इकडं कसं?"

"वाटंतच हाय," तात्या म्हणाले.

"कोणत्या वाटेत?" भावानं विचारलं. मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

दुपारी आमरस झाला, कुरडया झाल्या. तात्यांनी मात्र एक वाटी रस घेऊन ताट सारलं. संध्याकाळी मी आईबरोबर भाजी निवडत बसले होते, तेव्हा तिला साडीचं सांगितलं. आई हसली नाही. म्हणाली, "घोडेगावला त्यांची बहीण असते ना गं. इंदू."

इंदूआत्यांचं नाव मला माहीत होतं, माणूस नव्हतं. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला तात्या स्वतः त्यांच्याकडं गेले नाहीत. सासूबाई लग्नाच्या वर्षभर आधीच वारल्या होत्या, घरात बाईमाणूस नव्हतं, घाई होती. त्यांनी सख्ख्या बहिणीला पत्रिका पोस्टानं धाडली. आत्या लग्नाला आल्या नाहीत. पुढं तात्याही गेले नाहीत. अकरा वर्षं झाली होती. घरात हा विषय निघाला की तात्या उठून गोठ्याकडं जायचे. भांडण माझ्या लग्नावरून झालेलं, म्हणून मीही कधी काही बोलले नव्हते. पण लग्नाच्या फोटोत नवऱ्याची आत्या नाही, हे मला दर वेळी टोचायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्राजूच्या पप्पांना हे सांगितलं. ते टायरची हवा बघत होते. म्हणाले, "तात्या तिच्या दारात जाणार नाय. तू बघच."

अवसरी ते घोडेगाव तासाभराचाही रस्ता नाही. मंचर ओलांडून पश्चिमेला वळलं की डोंगर जवळ यायला लागतात. घोडेगावात शिरताना तात्यांनी तहसील कचेरीजवळ चिंचेखाली जीप उभी करायला सांगितली.

"काय काम आहे?" पप्पांनी विचारलं.

"एक उतारा काढायचाय."

"आपली जमीन जुन्नर तालुक्यात. हा आंबेगाव तालुका."

"चौकशी करायला काय जातंय?" तात्या म्हणाले, आणि जीपमधून उतरलेच नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. डोंगराकडच्या गावांना जाणाऱ्या एसट्या आल्या, भरल्या, गेल्या. आम्ही उसाचा रस प्यालो. प्राजूनं ट्यूब गळ्यात घालून झाडाला चार फेऱ्या मारल्या. दीड तास गेला.

"तात्या, देवीला जायचं ना?" मी विचारलं.

"ऊन उतरू दे."

ऊन अजून चढत होतं. मला काय वाटलं कोण जाणे, मी पिशवीला हात घातला. "द्या, मीच भरून येते ओटी." तात्यांनी पिशवी धरली, मग सोडली. म्हणाले, "शाळंमागं घर हाय. निळं दार." देवीचं देऊळ शाळेमागं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

प्राजूला घेऊन मी निघाले. निळं दार उघडंच होतं. एक उंच बाई जिन्यावरून रिकामं ताट घेऊन खाली येत होती. नाक तात्यांचं, चालही तात्यांची.

"कोन गं?"

"मी निमगाव साव्याची. दत्ताची बायको." आणि पाया पडले.

त्यांनी आशीर्वाद दिला. प्राजूकडं बघितलं, ट्यूबकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तुझ्या लग्नाची पत्रिका पोष्टमननं आनून दिली व्हती मला. शेजारनीसमोर."

"माहीत आहे, आत्या."

"एकलीच आलीस?"

"तात्या जीपमध्ये बसलेत. तहसीलसमोर. दीड तास झाला."

"उन्हात?"

"चिंचेखाली."

"मग बसू दे. चल, वर कुरडया उलट्या करायच्यात."

गच्चीवर आम्ही तिघींनी चार चादरी भरून कुरडया उलटल्या. तळवे भाजत होते. आत्यांचे यजमान गेलेले, मुलगा-सून पुण्याला नोकरीत. एवढ्या कुरडया एकटी बाई कुणासाठी करते, ते मी विचारलं नाही. प्राजू मात्र बोलत सुटली. पार्क, मोठी गाडी, ती उलटी कशी होते, माणसं कशी ओरडतात.

"आन वरडायला पैशे देत्यात?" आत्यांनी विचारलं.

"हो. तिकीट असतं."

आत्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि काही न सांगता जिना उतरल्या. आम्ही त्यांच्यामागं जवळजवळ पळत होतो. चिंचेखाली जीपच्या दाराशी जाऊन त्या उभ्या राहिल्या.

"दादा, उतर."

तात्या समोरच्या काचेकडं बघत म्हणाले, "वाट चुकलो जरा."

"अकरा वर्सं?"

तात्या उतरले. बहिणीपुढं उभं राहून टोपी काढली, परत घातली. आत्यांनी बाजरीचं अर्धं पोतं बघितलं आणि पप्पांना म्हणाल्या, "दत्ता, ते घे आत. आन मोठा झालास रे."

त्या दुपारी मासवडी झाली. नावावर जाऊ नका, त्यात मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि बरोबर झणझणीत रस्सा. जुन्नर-आंबेगावात कुणाच्या घरी खायला मिळाली तर हॉटेलातली मागू नका. साडी आत्यांनी उलगडून बघितली. "रंग कुनी निवडला?"

"सुनंनं," तात्या म्हणाले.

"तरीच."

चहाच्या वेळी तात्यांनी विषय काढला. "चल आमच्यासंगं पार्कला."

"मला कुठं आवतन हाय?"

तात्या उठले. देवळीतला कुंकवाचा करंडा घेतला, माझ्याकडं चिमूटभर तांदूळ मागितले, ते कुंकवात माखले. मग दाराबाहेर जाऊन परत आत आले आणि लग्नघरातला माणूस देतो तशा दोन्ही हातांनी आत्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या. म्हणाले, "पार्कला समद्यांनी यायचं करावं." प्राजू खो-खो हसली. आत्यांनी अक्षता मुठीत धरल्या आणि बराच वेळ मूठ उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी कुरडया शेजारणीवर सोपवून निघालो. घोडेगावहून जुन्नरचा रस्ता डोंगराच्या कडेकडेनं जातो. तिथून गणेशखिंड उतरून मढला, मग माळशेज. मे महिन्यात घाट सगळा तपकिरी असतो, त्यामुळं फोटोंची आशा ठेवू नका. पण कड्याशी उभं राहिलं की वारा छान लागतो. भजी खाल्ली. वळणांवर आत्या पुढच्या सीटवर ताठ बसून पप्पांना गाडी शिकवत होत्या. त्यांनी आयुष्यात सायकलही चालवलेली नव्हती.

मुरबाडचा लॉज मी निवडलेला. नाव सांगत नाही. पंखा फिरत होता, पण वारा येत नव्हता. नळाला पाणी होतं, बादली नव्हती. चादरीवर आधीच्या पाहुण्याच्या तेलाचा डाग होता. आत्यांनी चादर दोन बोटांत धरून उचलली, आपलं लुगडं अंथरलं आणि आडव्या झाल्या. सकाळी चहा पिताना तात्या फक्त म्हणाले, "वहीत लिवून ठेव."

पार्कच्या फाटकावर आम्ही दहाला पोहोचलो. पहिला धडा हा, की बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. पिशवीत पंधरा भाकऱ्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी होती. टाकून द्यायला आत्या तयार होईनात, म्हणून फाटकाबाहेर कट्ट्यावर बसून, सकाळी दहा वाजता, आम्ही होतं तेवढं खाल्लं. पहारेकऱ्यालाही एक भाकरी दिली.

दुसरा धडा मोठ्या गाडीपाशी. खांबावर उंचीची रेघ होती आणि प्राजू दोन बोटं कमी पडली. टाचा उंचावून झाल्या, केस वर बांधून झाले. तिथला माणूस चांगला होता, पण मान हलवत राहिला. प्राजूचं हिंदी संपलं. ती मराठीत रडायला लागली.

"म्या जाते," आत्या म्हणाल्या. "तुला येऊन सांगते समदं कसं हाय ते."

माणूस म्हणाला, "आजी, साडीवर चालत नाही. सैल कपडा अडकतो."

आत्या त्याच्यापुढं वळून उभ्या राहिल्या. हिरव्या नऊवारीचा घट्ट कासोटा. "यात काय सैल हाय ते दाव."

त्यानं बघितलं, हसला आणि साखळी काढली. बहीण एकटी चढतेय म्हटल्यावर तात्यांना मागं राहता येईना. टोपी माझ्या हातात देऊन ते शेजारी बसले. दांडा खाली आला, गाडी कुरकुरत वर गेली, टोकावर क्षणभर थांबली. मग मला फक्त एक हिरवा आणि एक पांढरा पट्टा दिसत राहिला.

खाली आले तेव्हा तात्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आत्यांचं नाक लाल होतं. दोघं बाकावर बसले. मी पाणी दिलं.

तात्या म्हणाले, "वर असताना म्या तुला काय म्हनलो, आयकलंस का?"

"वाऱ्यात काय आयकू येतंय?"

तात्यांनी पाणी संपवलं. आजूबाजूला माणसं होती, लाउडस्पीकर होता, मी होते. "पत्रिका घिऊन म्या यायला पायजे व्हतं, इंदे. चुकलं माझं."

"हां," आत्या म्हणाल्या. "आता आलं आयकू." मग प्राजूला जवळ ओढून तिचं नाक पदरानं पुसलं आणि पोटात कसा गोळा येतो, ते अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. प्राजूनं ते तीन वेळा सांगायला लावलं आणि मग दिवसभर पाण्यातून बाहेर आली नाही.

परत येताना कुठंही मुक्काम केला नाही. सरळ माळशेज, ओतूर, नारायणगाव, घर. आत्याही आमच्याबरोबरच आल्या, पंधरा दिवस राहिल्या. माझ्या स्वयंपाकघरातले डबे त्यांनी हलवले, ते मला अजून सापडत नाहीत.

लोक विचारतात, पार्क कसं होतं. चांगलं होतं. आता रस्ते मोठे झालेत, सकाळी निघालात तर दुपारी तुम्ही पाण्यात असाल. मला मात्र पार्कातलं थोडंच आठवतं. गच्चीवरचे भाजलेले तळवे आठवतात, आणि लग्नानंतर अकरा वर्षांनी पहिल्यांदा पाहिलेलं ते तात्यांसारखं नाक.

त्या भाऊबीजेला तात्या सकाळच्या एसटीनं एकटेच घोडेगावला निघाले. निघताना मी विचारलं, "संध्याकाळी परत ना?"

"न्हाई," ते म्हणाले. "मुक्कामाला चाललोय."

चौथ्या दिवशी आले.