विरोधी बाजूची पहिली वक्ती

अकरावीत असताना ब्रॅम्पटनच्या आमच्या शाळेच्या वादविवाद संघात मी होते, आणि कॅनडात राहायचे कागद माझ्याकडे नव्हते. पहिली गोष्ट अख्ख्या शाळेला माहीत होती. दुसरी कुणालाच नाही.

बाबा मिरजेचे. तिथल्या एका खानावळीत आचारी होते. ब्रॅम्पटनमधल्या एका इंडियन रेस्टॉरंटला आचारी हवा होता, म्हणून त्यांना दोन वर्षांचं वर्क परमिट मिळालं आणि मी सातवीत असताना आम्ही तिघं इथे आलो. पुढे ते रेस्टॉरंट बंद पडलं. परमिट वाढवून मिळावं म्हणून अर्ज केला, तो नाकारला गेला. परत जायचं की राहायचं यावर आईबाबांनी एक अख्खा उन्हाळा विचार केला, आणि विचार संपायच्या आत माझी शाळा सुरू झाली. मग राहिलोच. बाबा एका वेअरहाउसमध्ये खोकी उतरवायला जायचे. आई आमच्या बेसमेंटच्या स्वयंपाकघरातून मराठी लोकांना पुरणपोळ्या, अळूवड्या करून द्यायची. 'कागद' हा शब्द घरात हळू बोलायचा, एवढा एकच नियम होता. बाकी सगळं आम्ही मोठ्यानेच बोलायचो.

त्या हिवाळ्यात हा विषय अचानक सगळीकडे निघाला. बसमध्ये फुकट मिळणाऱ्या पेपरात, रेडिओवर, शाळेच्या कॅफेटेरियात लोक तावातावाने बोलत होते. जी मुलं कागद नसताना इथल्या शाळांत शिकतात, त्यांना कायदेशीर दर्जा द्यावा की देऊ नये? आपल्याच लग्नाची बोलणी दाराआडून ऐकावीत तशी मी ती सगळी ऐकायचे. फ्राइज खाता खाता एखादा मुलगा माझं भवितव्य ठरवून टाकायचा आणि मग मला विचारायचा, केचप आहे का.

त्यामुळे अंतिम फेरीचा विषयही हाच निघाला, याचं मला नवल वाटलं नाही. नवल पुढे घडलं. बाजू नाणेफेकीने ठरायची होती. आमचे वादविवादाचे सर हॅलिफॅक्सचे, लांबलचक हातापायांचे आणि कमालीचे सरळ. त्यांनी दुसऱ्या शाळेच्या बाईंना स्पीकरफोनवर घेतलं आणि आमच्यासमोर डॉलरचं नाणं उडवलं. बाईंनी तिकडून 'राणी', म्हणजे छापा, मागितला. छापाच पडला. सरांनी ते इमानाने सांगितलं, बाईंनी 'द्यावा' ही बाजू घेतली, आणि आमच्या वाट्याला विरोध आला. कागद नसलेल्या विद्यार्थ्यांना कायदेशीर दर्जा देऊ नये, हे मला तीन आठवड्यांनी भरल्या सभागृहात सिद्ध करायचं होतं.

सर म्हणाले की ही बाजू कुणालाच आवडत नाही, म्हणूनच ती कुणीतरी नीट मांडायला हवी. मला हसू फुटलं. माझी जोडीदार गयानाहून आलेल्या घरातली, वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. तिला वाटलं मी आनंदाने हसतेय, म्हणून तीही हसायला लागली. सर दोघींकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनी नाणं खिशात टाकलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं. बाबांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. माझे बाबा म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही सिग्नल बदलायची वाट बघत कुडकुडत उभे राहणारे गृहस्थ. नियम मोडून राहणं त्यांच्या किती जिवावर येत होतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं, कारण विरोधाचे मुद्दे त्यांच्याकडे तयारच होते. वर्षानुवर्षं ते स्वतःशी हेच भांडत आले असावेत.

"लिहून घे," बाबा म्हणाले. "जे लोक रांगेत उभे आहेत, त्यांनी काय पाप केलं?"

आईने पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली की आधी रांग कुठे आहे ते दाखवा, मी आत्ता चप्पल घालून जाते. बाबा म्हणाले की कायदा वाकवला की मोडतो. आई म्हणाली की तुमच्या हातची भाकरी पण वाकवली की मोडते, म्हणून कुणी उपाशी मरत नाही. बाबा चिडले, मग त्यांनाच हसू आलं, मग आणखी जोरात भांडले. तीन आठवडे रोज संध्याकाळी हेच. मी एका हाताने जेवायचे, दुसऱ्या हाताने लिहायचे. आमच्या घरात इतकी मजा त्याआधी कधी आली नव्हती. जो शब्द पुटपुटायचा, तो बाबा टेबलावर हात आपटून म्हणत होते.

एकदा वरच्या मजल्यावरचे घरमालक सरदारजी जिना उतरून खाली आले. त्यांना वाटलं नवराबायकोचं भांडण लागलंय. हिंदीतून त्यांनी बाबांना समजावलं की भाभीजींवर आवाज चढवू नका. काय चाललंय ते मी सांगितलं, अर्थात शाळेचा विषय म्हणून. ते खुर्चीत बसले, आईने दिलेली गरम पोळी खाल्ली आणि आईच्या बाजूने बोलायला लागले. मग बाबा एकटे आणि समोर दोघं. जाताना सरदारजी म्हणाले, उद्या पुन्हा याच वेळेला का?

स्पर्धेच्या आधीच्या शनिवारी मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आईला जेवणाची ऑर्डर होती, मी ट्रे उचलायला गेले होते. कोपऱ्यात बसून मी टिपणं वाचत असताना पुण्याचे एक काका शेजारी येऊन बसले. सॉफ्टवेअरमध्ये होते, आईचं नेहमीचं गिऱ्हाईक. विषय ऐकून ते खूश झाले. म्हणाले, मी सांगतो तुला, आम्ही सगळं सरळ मार्गाने केलंय. इमिग्रेशनचे पॉइंट्स भरले, परीक्षा दिल्या, चार वर्षं वाट बघितली. वडील आजारी होते तरी अर्ज अडकेल म्हणून जाता आलं नाही. तेवढ्यात माझी वही संपली, म्हणून त्यांचे मुद्दे मी कागदी प्लेटवर लिहून घेतले. तीन प्लेटा भरल्या. माणूस लबाड नव्हता. त्यांचा मुद्दा खरा होता आणि मला तो मनापासून पटत होता, हीच पंचाईत होती.

मग त्यांनी वाढायला आलेल्या आईकडे बघून कायम रहिवासाच्या परवान्याबद्दल सहज विचारलं, "वहिनी, तुमचं पीआर कधी झालं?"

"व्हायचंय अजून," आई म्हणाली. "तुम्ही अजून एक पोळी घ्या."

त्यांनी घेतली. मी ट्रेच्या आड तोंड लपवून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

स्पर्धा दुसऱ्या शाळेच्या मोठ्या सभागृहात होती. आईबाबा पहिल्यांदाच माझं बोलणं ऐकायला आले होते. बाबांनी मिरजेहून आणलेला कोट घातला होता. समोरच्या संघात टाय लावलेले दोन मुलगे होते, अगदी चांगल्या घरचे, अगदी कळवळ्याने बोलणारे. त्यातला पहिला म्हणाला की ही मुलं सदैव भीतीच्या छायेत जगतात, या मुलांना हसणं माहीतच नसतं.

मी तीन आठवडे हसत होते. ते वाक्य ऐकलं आणि पोटातून जी उकळी आली ती थोपवता थोपवता मी टेबलाखाली वाकले. जोडीदाराने पेन पडल्याचं नाटक करून माझ्या पाठीवर थाप मारली. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा माझा चेहरा लाल झाला होता, पण पाय हलके होते. इतके हलके की मी माइकपर्यंत तरंगत गेले असं आजही वाटतं.

मी बोलले. बाबांची रांग बोलले, काकांचे आजारी वडील बोलले, कायदा वाकवण्याबद्दल बोलले. लोक ऐकत होते. मग उलटतपासणीला तोच पहिला मुलगा उभा राहिला. त्याने विचारलं की कागद नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला तू कधी प्रत्यक्ष भेटली आहेस का?

तिसऱ्या रांगेत आईने बाबांचा हात धरलेला मला दिसला.

"हो," मी म्हटलं. "एकीला चांगली ओळखते. फार बोलते ती."

"आणि हे सगळं तू तिच्या तोंडावर सांगशील?"

"रोज सांगते. तिला पटतं. तरी ती जात नाही."

लोक हसले. तिसऱ्या रांगेत बाबांना ठसका लागला, तो थांबेना, आणि कोटाच्या बाहीत तोंड खुपसून ते बाहेर पळाले. आई जागची हलली नाही. नाटकातल्या राणीसारखी ताठ बसली होती, फक्त तिचे खांदे थरथरत होते.

आम्ही जिंकलो. परीक्षकांनी सांगितलं की विरोधी बाजूच्या पहिल्या वक्तीला विषय आतून समजला होता. जोडीदाराने मला उचलून गोल फिरवलं. सर आपले लांब हात कुठे ठेवावेत ते न कळून टाळ्या वाजवत राहिले. आणि तेवढ्यात गावच्या पेपरचा फोटोग्राफर आला. पूर्ण नाव, राहण्याचा भाग आणि फोटो, पहिल्या पानावर.

मी जोडीदाराला हाताला धरून थेट वॉशरूममध्ये नेलं आणि सांगून टाकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते घराबाहेर कुणाला सांगत होते. ती भिंतीला टेकली.

"म्हणजे तू स्वतःच्याच विरुद्ध बोललीस?"

"हो."

"आणि जिंकलीस?"

मग ती जी हसायला लागली ती खाली फरशीवर बसली, आणि मीही तिच्या शेजारी बसले. एक बाई आत आली, आम्हाला बघितलं आणि तशीच परत गेली. थोड्या वेळाने जोडीदार उठली, तोंड धुतलं आणि एकटीच बाहेर गेली. फोटोग्राफरला तिने सांगितलं की माझी मैत्रीण आनंदाने उलट्या करतेय. पेपरात ती एकटी दोन्ही हातांत चषक धरून उभी होती आणि खाली लिहिलं होतं की सहवक्तीची तब्येत बरी नसल्याने ती फोटोला हजर राहू शकली नाही.

सरांनी काही विचारलं नाही, पण उलटतपासणीतलं माझं उत्तर त्यांनी ऐकलं होतं. सोमवारी वर्ग संपल्यावर त्यांनी एका वकीलबाईंचा पत्ता माझ्या वहीत ठेवला. म्हणाले की आता दुसरी बाजू मांडायची वेळ आली आहे आणि या वेळी नाणं उडवायची गरज नाही.

वकीलबाईंनी माणुसकीच्या आधारावर करायचा अर्ज आमच्याकडून भरून घेतला. ओळखीच्या लोकांची पत्रं लागणार होती. सरदारजींनी दिलं, सरांनी दिलं. पुण्याच्या काकांना आईने स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ते दोन आठवडे आमच्याकडे फिरकले नाहीत. मग एका रविवारी दुपारी बर्फातून गाडी घेऊन आले, बूट काढून बेसमेंटच्या दाराशी उभे राहिले.

"माझं मत बदललेलं नाही, वहिनी," ते म्हणाले. "पण हिच्याबद्दल मला जे माहीत आहे ते मी लिहिलंय."

पत्र पाच पानी होतं, मुद्द्यांना आकडे घातलेले. बाबांनी ते वाचलं आणि त्यांच्याशी तिथेच वाद घालायला बसले, कारण तिसरा मुद्दा बाबांना मुळीच पटला नव्हता. काकांनी पाचव्या पानापर्यंत किल्ला लढवला. आई दोघांना मध्ये मध्ये चहा देत होती.

उत्तर यायला सव्वादोन वर्षं लागली. तोवर जोडीदार व्हँकुव्हरला शिकायला गेली होती आणि मी बारावी होऊन एका ग्रोसरी स्टोअरच्या मागच्या बाजूला भाज्या निवडत होते. एका मंगळवारी वकीलबाईंचा फोन आला. अर्ज मंजूर झाला होता, तिघांचाही. मी ॲप्रन काढायचं विसरले आणि तशीच बसमध्ये चढले. ड्रायव्हरने विचारलं, काय झालं, तर मला इतकंच म्हणता आलं की चांगलं झालं.

घरी बाबांना सांगितलं. त्यांनी बूटमोजे काढले, पलंगावर आडवे झाले आणि भर दुपारी घोरायला लागले. मी आणि आई दारात उभ्या राहून बघत होतो. त्यांना उठवू का, असं मी विचारलं. आई म्हणाली, नको, झोपू दे, बरीच साठलेली आहे. मग आम्ही दोघींनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि व्हँकुव्हरला फोन लावला.