मशीनला बोट लागत नव्हतं

भुताखेतांशी आपलं कधीच जमलं नाही, हे आधी सांगून टाकतो. आमच्या भागात एका बंद लूमच्या शेडमध्ये म्हणे पैंजण वाजायचे. त्या शेडमध्ये बसून मी दहावीचा अभ्यास केलाय... पैंजणवाली आली असती तर तिलाच भूमिती विचारली असती.

दुसरी गोष्ट, मी थापा मारतो. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी डाईंग मास्तर, म्हणजे रंगकामाचा प्रमुख आहे. तिथं माझ्या प्रत्येक आकड्याला लोक दहाने भागून घेतात. वाटेत पन्नास मोर आडवे आले असं मी म्हणालो की ते पाच धरतात, आणि खरं तर एकच लांडोर असते. पण हे मात्र भागाकार न करता वाचा. यातली निम्मी साक्ष माझ्या बायकोची, लक्ष्मीची आहे, आणि लक्ष्मीला वाढवून सांगता येत नाही. तिचं पाव किलो म्हणजे पाव किलोच.

तर — मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. पोर्तुगालमध्ये कापड रंगवणाऱ्यांची परिषद होती, आणि कमी पाण्यात टॉवेल कसा रंगवायचा यावरचा माझा पेपर त्यांनी घेतला. ज्या सोलापुरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, तिथल्या माणसाने यावर बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? मी शहरात आमच्या पूर्व भागात अशी हवा केली, अशी हवा केली, की तिसऱ्या गल्लीत पोचेपर्यंत मला तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी जेवायला बोलावलं होतं.

सगळ्यात जास्त आनंद झाला अक्काला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा आणि ती सतराची. तिने लग्न केलं नाही. चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या आणि त्यावर मला शिकवलं. आमच्या तेलुगू घरांत धाकट्या भावाला तम्मी म्हणतात. माझी पन्नाशी आली, टक्कल पडलं, तरी मी तिचा तम्मीच.

विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. अक्काची बोटं तर काचेसारखी गुळगुळीत. रेशनच्या मशीनला तिचा अंगठा लागायचा नाही. दुकानदार म्हणायचा, मावशी, तेल चोळून या. ती तेल चोळून जायची, तरी परत पाठवायचे. एकदा रिकामी पिशवी आणून टाकली आणि म्हणाली, "मी तितं उबी हाय, आन् मशीन म्हणतीया मी न्हाईच." आम्ही पोट धरून हसलो होतो. तीही हसली होती.

तेव्हा तिचा खोकला नुसता खोकला होता. हिवाळ्यापर्यंत फुप्फुसं पार गेली. बाहेरच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन आलं. रात्रभर ती उशीला टेकून बसलेली असायची आणि तिचं एकच मागणं होतं — तुझ्या पासपोर्टवर व्हिसा लागला की मला दाव.

व्हिसा केंद्र पुण्यात. मंगळवारी सकाळी अकराची वेळ मिळाली होती. त्याआधी शनिवारी डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावून, आता लांब कुठं जाऊ नका, असं सांगितलं. मी त्यांना, लक्ष्मीला, सगळ्यांना एकच सांगत सुटलो की ही वेळ काही केल्या बदलता येत नाही, चुकली तर परिषद गेली.

मंगळवारी पहाटे निघताना अक्का जागीच होती.

"तितंबी बोटं घेतेत व्हय रं?"

मी म्हणालो, दहाच्या दहा घेतात. तिचा चेहराच उतरला. लक्ष्मीला खोबरेल आणायला लावलं. पूर्वी सूप असायचं त्या मांडीवर माझे हात घेतले आणि एकेक बोट चोळत बसली. एका बोटाला एक दम लागत होता तिला.

"न्हाय लागलं तर परत पाटवतेत, तम्मी. मला ठावं हाय."

मी नेहमीप्रमाणे फेकली. म्हणालो, माझी नाही लागली तर सांगेन त्यांना, सोलापूरला जा आणि आमच्या अक्काची घ्या.

"दीन की," ती म्हणाली. "कवाबी दीन."

रेल्वेत मी साबणाने दोनदा हात धुतले. केंद्राच्या दारात सॅनिटायझर लावला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून सगळे आधी तेलावर घसरतात. मोबाइल बंद करून बाहेर जमा केला. काउंटरवरच्या मुलीने कागद तपासले आणि उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवायला सांगितली.

लाल दिवा. तिने टिशूने काच पुसली, माझी बोटं पुसली. पुन्हा लाल. डावा हात — लाल. अंगठे — लाल. मी विनोद केला, मॅडम, पंचवीस वर्षं रंगात हात आहेत, रेषा धुऊन निघाल्या असतील. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. चार पांढरे ठिपके... आत एकही रेष नाही.

मग मी स्वतःची बोटं उजेडात धरून पाहिली. गुळगुळीत. माझी बोटं, माझी अंगठी, आणि टोकाला काही नाही.

ती मुलगी हळूच म्हणाली, "सर, माझ्या आजीची बोटं अशीच होती. विड्या वळायची ती."

विडी हा शब्द मी तिथं उच्चारलाही नव्हता.

तिने मला दहा मिनिटं बसवलं, पुन्हा बोलावलं. पुन्हा लाल. मग शेवटचं एकदा बघू म्हणाली — आणि धडाधड हिरवे! उजवा, डावा, अंगठे, सगळं एका झटक्यात. मी काउंटरवर थाप मारली. तुमच्या नावाचा टॉवेल काढतो, म्हणालो. ती हसली, रांगेतले हसले. समोर भिंतीवर घड्याळ होतं. अकरा चाळीस.

बाहेर येऊन मोबाइल चालू केला, तर लक्ष्मीचे नऊ मिस्ड कॉल. फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "या."

पुढचं लक्ष्मीने मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. अकरा वाजून गेल्यावर अक्काने जेवायचं ताट मागितलं. हिला वाटलं, भूक लागली. अक्काने रिकामं ताट मांडीवर घेतलं आणि उजव्या हाताची चार बोटं त्यावर दाबून धरली. थांबली. पदराने पुसून पुन्हा दाबली. मग डावा हात. मग दोन्ही अंगठे. आणि परत पहिल्यापासून. लक्ष्मीने विचारलं, अक्का, काय करताय?

"तम्मीला परत पाटवत्याल."

शेवटी अंगठे ठेवले ते उचललेच नाहीत. लक्ष्मीने मान सावरली तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

हिने हात बाजूला करून ताट काढून घेतलं. त्यावर तेलाचे ठसे होते. लक्ष्मी म्हणते, त्यांत रेषा होत्या. दहाही बोटांच्या, स्वच्छ. मी विचारलं, ताट कुठंय? माणसं यायला लागली होती, भांडी कमी पडत होती... तिने ते घासून टाकलं होतं.

कारखान्यातले केमिस्ट म्हणतात, रंगकामातल्या कॉस्टिक सोड्याने बोटं झिजतात. झिजतात, मान्य. पण आदल्या संध्याकाळी हजेरीच्या मशीनला माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागला होता, आणि झिजलेल्या रेषा अर्ध्या तासात उगवत नाहीत.

आता एक कबुली. ती वेळ बदलता येत होती. वेबसाइटवर तसं बटण होतं. शनिवारी मी ते पाहिलं, बाण त्याच्यावर नेला, आणि लॅपटॉप मिटला. परिषद हुकेल अशी भीती नव्हती, पुढच्या आठवड्यातल्या वेळा रिकाम्या दिसत होत्या. मला फक्त घाई होती, लोकांना पासपोर्ट दाखवायची. जन्मभर इतक्या थापा मारल्या, पण एकीनेही कुणाचं कधी काही गेलं नव्हतं.

व्हिसा आला. नको म्हणत होतो, पण लक्ष्मीने बॅग भरून दारात ठेवली. लिस्बनच्या विमानतळावर त्यांनी पुन्हा बोटं मागितली. मी चारही बोटं काचेवर दाबली आणि मनात म्हणत होतो, लागू नका. एकदा लाल होऊ दे. ते लगेच हिरवं झालं. साहेबाने शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

हे काय होतं, मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, फक्त तेलाचं सांगू नका. मी अजून रोज सकाळी हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवतो आणि जरा थांबतो. मागची रांग ओरडते, मास्तर, चला की. तेवढ्यात मशीनमधली बाई म्हणते, "थँक यू." दर वेळी, पहिल्याच फटक्यात.