उतारावरच्या वैशालीताई

सोमवारी ऑफिसात आल्या की वैशालीताई आधी खिशातून एखादा दगड काढायच्या, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडायच्या आणि माझ्या नाकासमोर धरून म्हणायच्या, "वास घे." जर्मनीत, इंगोलश्टाटमध्ये आम्ही दोघं गाड्यांचे गिअरबॉक्स तपासायचो, पण त्यांचे शनिवार-रविवार माइन नदीकाठच्या एका द्राक्षमळ्यात जायचे. तिथले म्हातारे मालक हॅर, म्हणजे श्रीयुत, क्राउस त्यांना छाटणी शिकवत. तासगावच्या बागायतदाराची ही मुलगी, फार शिकवावं लागत नसे.

एकदा मलाही नेलं. एका उतारावर शिंपल्यांचे ठसे असलेला करडा चुनखडक, पलीकडच्या उतारावर लाल वालुकाश्म. वेल मात्र दोन्हीकडे एकाच जातीचे, सिल्वानर. ताईंनी दोन्हीकडची वाइन दोन पेल्यांत ओतली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पहिला घोट जिभेवर धारदार लागला आणि दुसरा पिकलेल्या सफरचंदासारखा मऊ. विश्वास बसेना म्हणून मी पुन्हा दोन्ही चाखले. ताईंचा चेहरा उजळला होता. "वेल तोच रे. बोलते ती माती."

चुनखडकाचा तो उतार इतका उभा की ट्रॅक्टर चढत नाही. हॅर क्राउसचे गुडघे गेले, मागे कुणी करणारं नाही, म्हणून त्यांनी तो ओसाड टाकायचं ठरवलं. ताईंनी नोकरी सोडली आणि उतार कसायला घेतला. तासगावहून वडिलांचा, आबांचा फोन आला. द्राक्षातून सुटावीस म्हणून तुला इंजिनिअर केलं, एवढं म्हणून त्यांनी ठेवून दिला. मग वर्षभर ते आईमार्फतच बोलले.

वसंतात अवेळी गोठवणारी थंडी पडली, कोवळे फुटवे काळे झाले. मी पार खचलो. ताई वेलीवर वाकून काडीवरचे डोळे, म्हणजे नव्या फुटव्यांचे कोंब, तपासत होत्या. "हे बघ, शेजारचा दुसरा डोळा जिवंत आहे." तो खरंच फुटला. थोडे, पण घड लागले.

सप्टेंबरात ताईंची आई आबांना हट्टाने घेऊन आली. पावसाचा अंदाज होता. हॅर क्राउस म्हणत होते, उद्याच तोडा. आबा धापा टाकत उतार चढले, एक मणी तोंडात टाकला, बी दाताखाली फोडली. आबा पहिल्यांदाच थेट ताईंकडे वळले.

"बी अजून हिरवी लागतेय, पोरी. चार दिवस थांब. मी आहे."

ताई थांबल्या. पाऊस नदीपलीकडून निघून गेला. तोडणीच्या सकाळी मी आणि हॅर क्राउस पोचलो, तेव्हा सगळ्यात वरच्या ओळीत बापलेक शेजारी शेजारी घड कापत होते आणि दोघं एकाच वेळी बोलत होते.