न धुतलेली चादर

गल्लीत तिला सगळे डागवाली मावशी म्हणत. लाँड्री नवराबायकोची, इस्त्री त्याची, डाग तिचे. शाई, तेल, गंज, काहीही आणा, मावशी पदर खोचून हात धुऊन मागे लागायची. रक्ताचा डाग दिसला की तिचा हात आपोआप थंड पाण्याच्या नळाकडे जायचा.

त्याच हातानं घात केला.

जुन्या काविळीनं नवऱ्याचं लिव्हर कडक झालं होतं. दारूला कधी न शिवलेला माणूस, तरी शेजारी विचारायचे, "काय, सुटली का?" मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका पहाटे त्याला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात निघण्याआधी मावशीनं अभ्रा, शर्ट, बादली सगळं लख्ख केलं. मोठे डॉक्टर आले तोवर रक्त थांबलं होतं आणि नवरा शहाण्या मुलासारखा स्टुलावर बसला होता.

"रक्त कुठंय?"

"धुतलं, साहेब."

"बीट खाल्लं असेल. आणि पिणं बंद करा."

"अहो, ते पीतच नाहीत!"

"सगळ्या बायका हेच सांगतात."

पुढची उलटी दिवेलागणीला झाली. मावशी त्याला टॅक्सीत घालून धावली, तर घशातून दुर्बीण घालून तपासायच्या खोलीला कुलूप. "खोली दुपारपर्यंतच उघडी असते. सकाळी या," शिपाई म्हणाला. रात्र बाकावर काढली. तिथल्या नवशिक्या डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि हळूच सांगितलं, "मावशी, या आजारात अन्ननळीतल्या फुगलेल्या शिरा सकाळी आणि संध्याकाळी जास्त फुटतात, असं अभ्यासांत दिसलंय."

"तुमच्या साहेबांना ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे."

"मग संध्याकाळी खोलीला कुलूप कशाला? शिरांना दुपारपर्यंतची वेळ नेमून द्यायची का आम्ही?"

सकाळी रक्त थांबलेलं बघून साहेबांनी नुसतं पोट चाचपलं, पित्ताच्या गोळ्या लिहिल्या आणि घरी पाठवलं.

तिसऱ्या वेळी पुन्हा पहाट. चादर लालभडक. मावशीचा हात नळाच्या तोटीवर गेला आणि तिथंच थबकला. तिनं चादरीचं गाठोडं बांधलं, नवऱ्याला खांद्याचा आधार दिला आणि निघाली.

साहेब आल्याबरोबर तिनं गाठोडं त्यांच्या टेबलावरच सोडलं.

"हे बीट बघा, साहेब."

ओळीतली माणसं उठून उभी राहिली. साहेबांचा चेहरा उतरला. "अरे, खोली उघडा!" ते शिपायावर ओरडले. दुर्बीण आत गेली, फुगलेल्या शिरांना रबरी कड्या बसल्या, रक्त थांबलं.

दुपारी नवरा पुटपुटला, "चादर गिऱ्हाइकाची होती गं."

"त्याला नवी देऊ."

तेवढ्यात शिपाई नाक दाबत आला. "मावशी, ती चादर तेवढी उचला. धुऊन टाका एकदाची."

"धुते की," मावशी जागची हलली नाही. "साहेबांना सांग, संध्याकाळी ती खोली उघडी दिसली, की धुते."