फळ्यांचा रणगाडा

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली 'रणगाडेमामा' म्हणायची. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, दुसरं आडनाव असेल. सासूबाई म्हणाल्या, "आडनाव नव्हे गं, पराक्रम आहे तो." मामा तरुणपणी युद्धावर गेले होते आणि तिथे रणगाड्यांच्या तुकडीत होते. यापुढची माहिती कुणालाच नव्हती. कुणी फार खोदून विचारलं तर मामा "होतो तिथे" एवढंच म्हणत आणि रंधा मारायला लागत. पुढच्या खोलीत त्यांचं सुतारकाम चाले. दारं, चौकटी, पाळणे. घरात कायम भुसा. आमच्याकडे चहातसुद्धा एखादी ढलपी सापडायची.

मामा बोलत नसत, ती कसर सासूबाई भरून काढत. एकदा गल्लीच्या वळणावर ट्रक अडकला. "थांबा, आमच्या ह्यांना बोलावते, ह्यांनी रणगाडा चालवलाय!" मामांना धड सायकल येत नव्हती. ते ट्रकभोवती एक चक्कर मारून आले, चाकाला हात लावला, "टायर उत्तम आहेत," म्हणाले आणि घरात गेले. ड्रायव्हरने मागेपुढे करत ट्रक काढला. श्रेय मामांना मिळालं.

असं आयुष्य चाललं होतं. मग शेजारच्या गावाने आपल्या चौकात तोफ बसवली आणि आमच्या नगराध्यक्षांची झोप उडाली. आपल्याही गावात युद्धस्मारक हवं! त्यासाठी युद्धावर गेलेला माणूस हवा. शोधाशोध केली तर अख्ख्या गावात एकटे मामा निघाले. 'तोफेला उत्तर रणगाड्याने' असं ठरलं, मंत्र्यांची तारीख घेतली, पाटी रंगवून झाली: 'शूर रणगाडाचालकाच्या सन्मानार्थ'. लष्कराकडे एक जुना रणगाडा मागायचा, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात नगरपालिकेच्या इंजिनिअरने डोक्याला हात लावला. चौकाच्या खालून गावाची मोठी जलवाहिनी जाते.

"रणगाडा बसेल साहेब," तो म्हणाला, "पण पार खाली जाऊन बसेल."

तारीख तर हलवता येत नव्हती. शेवटी दोघे तोंड पाडून आमच्याकडे आले. नगराध्यक्ष बराच वेळ पायजम्यावरचा भुसा झटकत बसले.

"मामा, तुम्ही सुतार. म्हणजे बघा... लाकडाचा एखादा करून द्याल का? लांबून खरा वाटला म्हणजे झालं."

मामा जे हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. मी पाणी आणून दिलं. सासूबाई खवळल्या.

"ह्यांच्या सन्मानाचा रणगाडा ह्यांनीच करायचा? आणि तोही खोटा? लाज नाही वाटत?"

"अगं, बस जरा," मामा म्हणाले. "तुला एक सांगायचं राहिलंय."

आणि मग त्यांनी सांगितलं. युद्धात ते होते ते सुतारांच्या तुकडीत. फळ्या, ताडपत्री, पाण्याचे पाईप जोडून खोटे रणगाडे उभे करायचे, म्हणजे शत्रूची विमानं खऱ्यांना सोडून त्यांच्यावर बाँब टाकतील. साहेबांनी बजावलं होतं, हे बायकोलासुद्धा सांगायचं नाही. पुढे युद्ध संपलं, साहेबही गेले. पण 'आता सांग' असं कुणी म्हणालंच नाही.

"म्हणजे तुम्ही रणगाडा चालवलाच नाहीत?" सासूबाईंनी विचारलं.

"चालवणार कसा? आत इंजिनच नव्हतं."

"आणि बाँब पडायचे तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"तिथेच. नुसते रणगाडे उभे असले तर संशय येतो. माणसं हिंडताना दिसायला हवीत. आम्ही चूल पेटवायचो, दोरीवर कपडे वाळत घालायचो. विमान आलं की चरात उडी."

आता सासूबाई रडतात की काय, असं मला वाटलं.

"खऱ्या रणगाडेवाल्यांना निदान लोखंडाचा आडोसा होता," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही फळीमागे धोतरं वाळत घालत बसलात? मूर्ख कुठले!" आणि नगराध्यक्षांकडे वळून, "करतील ते. प्लायवुड चांगलं पाठवा."

मामा कामाला लागले ते अंगात वारं शिरल्यासारखे. चाकांना पिंपांची झाकणं, पट्ट्यांना कापलेले टायर, तोफेला पाईप. सासूबाईंनी स्वतः रंग दिला. उद्घाटनाला रणगाडा असा दिसत होता की नगराध्यक्ष स्वतःच त्याच्यापासून चार हात लांब उभे राहिले. भाषण झालं, फीत कापली, आणि मंत्र्यांना एकाएकी वर चढून फोटो काढायची हुक्की आली. त्यांनी पाय वर टाकला. प्लायवुड कुरकुरलं. नगराध्यक्षांचा चेहरा पांढराफटक.

"साहेब," मामा शांतपणे म्हणाले, "तोफ भरलेली आहे."

मंत्री खाली उतरले ते थेट गाडीत जाऊन बसले.

पुढे काही महिन्यांनी एका सकाळी चौकात लष्कराची जीप आली. मागे भलीमोठी ओढगाडी. विमानातून काढलेल्या फोटोत कुणाला तरी आमच्या चौकात रणगाडा दिसला होता, आणि लष्कराने तर गावाला रणगाडा दिलेलाच नव्हता! एका मेजरने जीपमधूनच दुर्बिणीने पाहणी केली आणि तो जप्त करायचा हुकूम सोडला. नगराध्यक्ष नेमके आजारी पडले. जवानांनी साखळी अडकवली. चाळीस टनांच्या हिशोबाने ओढगाडीने जोर लावला, आणि रणगाडा टुणकन उडून मेजरच्या पुढ्यात येऊन पडला. एका बाजूची फळी निखळली. आत भटकी कुत्री झोपली होती, ती आळस देत बाहेर आली.

चौकात कुणी हसायलाही धजेना. मामा मात्र अनवाणीच धावत आले.

"तुम्ही फोटो पाहिलात? वरून काढलेला?"

"पाहिला," मेजर म्हणाला. तो अजून त्या फळीकडेच बघत होता.

"आणि संशय नाही आला? जराही?"

"अजिबात नाही."

"सावली? सावली कशी पडली होती?"

"बरोबर होती. तोफेची तर अगदी ठळक."

"सावलीच अवघड असते हो!" मामांनी मेजरचा हात धरला तो सोडेनात. नातू झाला तेव्हाही मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. पाटी, फीत, मंत्री यांतल्या कशाने त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"अहवालात काय लिहू आता?" मेजरने विचारलं.

"लिहा, दुरुस्ती चालू आहे." मामांनी मला हातोडी आणायला पिटाळलं.

मी परत आले तेव्हा सासूबाई जवानांना चहा देत होत्या आणि मेजर टोपी काढून, गुडघे टेकून, निखळलेली फळी दोन्ही हातांनी दाबून धरून बसला होता.

"सरळ धर रे," मामा तोंडातले खिळे सांभाळत म्हणाले. "हलवू नकोस."