घसाऱ्यावर कोणतं चाक ओढतं

गाडी कोणती घ्यायची यावर आमच्या घरात उन्हाळाभर बोलणं चाललं होतं, आणि त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. मुलगा म्हणायचा, चारही चाकं ओढणारी जीप घेऊ. सून म्हणायची, पुढची दोन ओढणारी छोटी गाडी बरी. मी चौथीपर्यंत शिकलेली. चाक फिरतं एवढं मला माहीत होतं. चाक ओढतं हे काय नवीन? माहेरी, सव गावात, माझ्या बापाची बैलगाडी होती. तिची चाकं जन्मात कधी काही ओढत नव्हती. ओढायचे ते बैल, चाकं नुसती मागून यायची. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, आये, तुला काय करायचंय, तू आपली मागं बस. तेव्हाच मी ठरवलं की हे मला कळल्याशिवाय दारात गाडी येऊ द्यायची नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर आहे. महाबळेश्वरला जाणाऱ्या घाटरस्त्यावरून एक कच्चा रस्ता फुटतो, तो आमच्यापर्यंत येऊन संपतो. तेव्हा तो सगळा लाल मातीचा होता. शेवटी एक उभा चढ लागतो, त्याला सगळे घसारा म्हणतात. उन्हाळ्यात त्यावरून काहीही वर येतं. पावसात माणूससुद्धा काठी टेकून चढतो.

सून हायवेवरच्या एका शाळेत शिकवायची. मुलगा महाडला एमआयडीसीत पाळीवर. त्यांची लहान पोर दिवसभर माझ्याजवळ. दोन पावसाळे ती त्याच्यामागे मोटरसायकलवर बसून गेली. दुसऱ्या पावसाळ्यात घसाऱ्यावर मोटरसायकल आडवी झाली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हाड जरा वाकडं बसलं. त्यानंतर तिने सांगून टाकलं, पुन्हा मोटरसायकलवर बसणार नाही, पावसाळ्यापुरती महाडला खोली घेऊ.

पावसाळ्यापुरती घेतलेली खोली म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आमच्या वाडीतली तीन घरं अशीच पावसाळ्यापुरती खाली गेली. आधी कपडे जातात, मग भांडी, मग पोरांची नावं तिकडच्या शाळेत, आणि मग गणपतीला फक्त कुलूप उघडायला येतात. मी सुनेला सरळ म्हटलं, जायचं तर जा, मी म्हशी सोडून येणार नाय. ती रडली नाही आणि मीही नाही. दोन दिवसांनी तीच म्हणाली, मला स्वतःला चालवता येईल अशी गाडी असली तर मी इथेच राहीन. नवऱ्याच्या पाळीवर अवलंबून राहणार नाही. सुट्टीत महाडला जाऊन ती गाडी शिकलीही होती.

तेव्हा गाडी कोणती, या प्रश्नात ती कुठे राहणार हा प्रश्न होता. मुलाला ते कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण त्याला जीप आवडायची. जीपवाल्याला गावात मान असतो.

आमच्याकडे बैल घेताना दात बघतात, खांदा बघतात, सगळं बघतात, पण सौदा पक्का होतो तो चिखलात चालवल्यावर. कोरड्या बाजारात सगळेच बैल चांगले. मी म्हटलं, गाडीचंही तसंच करायचं. पाऊस लागू दे, दोन्ही गाड्या घसाऱ्यावर आणा, मग बोला. मुलगा हसला. सुनेला मात्र पटलं. म्हणून ते सगळं आषाढापर्यंत लांबलं.

आषाढातल्या एका रविवारी दोन्ही गाड्या चढाच्या खाली, ओढ्यावरच्या मोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. जीप पोलादपूरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीची होती, तो स्वतःच घेऊन आला. छोटी गाडी सुनेच्या शाळेतल्या एका शिक्षकाची. त्यांना ती विकायची होती, म्हणून त्यांनी एका दिवसासाठी दिली होती, पण देताना जपून वापरा असं चारदा सांगितलं होतं. शेजारून माझे चुलत दीर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते कधीच बोलावल्यावर येत नसत.

मी जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून आठ चिंध्या केल्या होत्या. दोन्ही गाड्यांच्या प्रत्येक चाकाला, बाहेरच्या बाजूला, एकेक बांधली. चाक चिखलाने माखलं की फिरतंय की नुसतं उभं आहे ते लांबून कळत नाही. चिंधी दिसते.

मिस्त्री म्हणाला, "आजी, लिंबू-मिरची पण बांधा."

मी म्हटलं, "तुझी जीप काय नवरी हाय दृष्ट लागायला? चालव."

आधी त्याला दोनच चाकांवर चालवायला लावली. घसाऱ्याच्या मध्यावर जीप थांबली आणि मागच्या चिंध्या गरगरायला लागल्या. पुढच्या जागच्या जागी. मग तो खाली उतरला, पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरची कळ हाताने फिरवली, आत बसून एक छोटा दांडा ओढला. या वेळी चारही चिंध्या एकदम वर, एकदम खाली, सावकाश. जीप गुरगुरत वर निघून गेली. मला फार बरं वाटलं, जीप चढली म्हणून नव्हे. चाक ओढतं ते डोळ्यांनी दिसलं म्हणून.

मी त्याला विचारलं, चारही ओढतात तर मग कायमची तशीच का नाही चालवत? तो म्हणाला, डांबरी रस्त्यावर गरज नाही, डिझेल जास्त जातं, वळताना गाडी अडते, आतले भाग झिजतात. म्हणजे चार बैल असले तरी दोन गोठ्यातच बांधून ठेवायचे. हे मला माहीत नव्हतं. मुलालाही माहीत नव्हतं, पण त्याने माहीत असल्यासारखी मान हलवली.

मग सून जीपमध्ये बसली. पाठीमागे उशी घेतली तरी पाय जेमतेम पोचत होता. क्लच दाबायला तिला अख्खं अंग पुढे रेटावं लागत होतं. स्टिअरिंग जड. वळणावर दोन्ही हातांनी ओढताना तिचा चेहरा बदलला ते मी बघितलं. जीप तिने वर आणली. उतरली आणि मनगट पदरात गुंडाळून उभी राहिली.

मुलगा म्हणाला, "होईल सवय."

"मनगट माझं आहे," ती म्हणाली.



छोटी गाडी तिने अगदी सहज चालू केली. ती गाडी आवाजसुद्धा करत नव्हती फारसा. मोरीपासून निघाली, चढाला लागली आणि अर्ध्यावर अडकली. पुढच्या चिंध्या इतक्या जोरात फिरत होत्या की दिसेनात. मागच्या नुसत्या लोंबत होत्या. लाल चिखल माझ्या कमरेपर्यंत उडाला. मी जवळ जाऊन खाली वाकून बघितलं. गाडीचं तोंड चढावर वर उचललं होतं, सगळा भार मागे बसला होता.

मला बापाची बैलगाडी आठवली. गाडीत मागे जास्त भरलं की पुढची धुरा वर उठते, बैलांच्या गळ्याला पट्टा काचतो, त्यांचे पाय टेकत नाहीत. गाडी उलार झाली म्हणतात. मी म्हटलं, ही गाडी उलार होते. पुढे वजन पाहिजे. मला वाटलं, आता मला सगळं कळलं. दिरांना म्हटलं, तुम्ही बसा पुढे बॉनेटवर.

ते वजनदार होते आणि त्यांना बसायची हौस होती. बसले. गाडी खरंच दोन हात वर सरकली. मग त्यांचं बूड ओल्या पत्र्यावरून घसरलं आणि ते चिखलात पाय फाकून बसले. उठले, धोतर झटकलं आणि सुनेला म्हणाले, "सूनबाय, गाडी घेताना मला पण धरून घेणार काय? मी संध्याकाळी पाचनंतर मोकळा असतो."

सगळे हसले. मीही हसले, पण माझं कळलेलं अर्धंच होतं. रोज पुढे बसवायला माणूस कुठून आणायचा?

सून गाडीतच बसून होती, काच खाली करून. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तोंड वर केलं की पुढचा भार जातो ना? मग तोंड खाली करून चढवली तर?"

मुलगा म्हणाला, असं कोण गाडी चालवतं.  मिस्त्रीने विडी काढली, पावसात ती पेटत नव्हती, तरी तो पेटवत राहिला.

सुनेने गाडी खाली मोरीपर्यंत सोडली, तिथल्या सपाट जागेत फिरवली, आणि मागचा भाग चढाकडे केला. मान वळवून, एक हात शेजारच्या सीटवर टाकून ती मागे येऊ लागली. आम्ही सगळे बाजूच्या बांधावर चढलो. गाडी हळू येत होती. चारही चिंध्या फिरत होत्या, कुठलीच पळत नव्हती. मध्यावर एकदा पुढच्या चाकांनी चिखल फेकला, ती जरा थांबली, पुन्हा आली. वर अंगणात गाडीचं ढुंगण आधी आलं आणि तोंड नंतर.

मी मिस्त्रीकडे वळले. "हे तुला ठाऊक होतं काय रे?"

"ठाऊक होतं की."

"मग आधी का नाय बोललास?"

"आजी, मी जीप विकायला आलोय," तो म्हणाला.

त्याचंही बरोबर होतं. मी त्याला चहा दिला.

नंतर पडवीत बोलणं झालं. मुलगा जीपच्याच बाजूचा. म्हणाला, लोक हसतील, मागं बघत घरी येणारी बाई म्हणून. दीर म्हणाले, बायका माहेर सोडताना मागं बघतात, ही सासरी येताना बघणार. मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, की घसाऱ्यासाठी जीपच बरी. चार ओढणारी ती चार ओढणारी. उलटं चालवताना बाजूचा चर दिसत नाही, आणि चरात चाक गेलं तर गाडी काढायला अख्खी वाडी लागेल. पण चालवणार ती हाय, मी नाय आणि तुम्ही पण नाय.

सून इतका वेळ भाकऱ्या थापत होती. तिथूनच म्हणाली, "पावसात उलटी येईन, दिवाळीनंतर सुलटी येईन. जीप घेतली तर मी महाडलाच राहीन, कारण ती मला चालवता येणार नाही."

मुलगा उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने आत आला आणि विचारलं, त्या गाडीची मागची काच पुसायचा वायपर नाय ना? ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, मग काच पुसायला फडकं लागेल. गाडी कोणती घ्यायची ते असं ठरलं.

श्रावणाच्या आधी गाडी दारात आली. पहिल्या दिवशी मुलाची दुपारची पाळी होती, म्हणून सून एकटीच गेली आणि एकटीच येणार होती. नात माझ्याजवळ होती. तिला शेजारी सोडलं, प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेतली आणि घसाऱ्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. धुकं होतं, पाऊस सरळ पडत होता. मला बघायचं होतं की भरपूर पाणी वाहत असताना पुढची चाकं तशीच धरतात का. रविवारी पाऊस कमी होता, आज चढावरून ओहोळ वाहत होते.

खाली मोरीपाशी दिवे दिसले, मग फिरले. गाडी थोडी वर आली आणि थांबली. मला वाटलं अडकली. मी खाली जायला निघाले, तेवढ्यात तिने काच खाली करून हाक मारली.

"आई, तुम्ही आहात का तिथे? मागे उभ्या राहू नका. काच ओली आहे, तुम्ही मला दिसत नाही."

"मी कडेला हाय."

"कडेलाही नको. घरात जा. तुम्ही तिथे आहात असं वाटलं की मला गाडी मागे घेववत नाही."

मला जावंसं वाटत नव्हतं. पण तिचं खरं होतं, म्हणून मी घरात गेले आणि चुलीपाशी बसले. तिथून दिसत काही नव्हतं. पावसाचा आवाज कौलांवर, त्यामागे इंजिनाचा आवाज. तो वाढला, थांबला, पुन्हा वाढला. एकदा खूप चढला तेव्हा मी उठले आणि परत बसले. मग आवाज एकदम मोठा झाला आणि बंद पडला. दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि बंद केल्याचं.

ती पाय धुऊन आत आली, पिशवी खुंटीला लावली आणि मानेमागे हात धरून म्हणाली, मान धरली.

"धरणारच," मी म्हटलं. "उद्या तेल लावून जा."